सर्जरीत नवीन आहात? सर्जरीबाहेरचं काय नि किती शिकायचं, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटर्नशिप संपवून सर्जरीला लागलेली, किंवा लागू की नको या विचारात असलेली पोरं-पोरी फिरून फिरून मला साधारण हेच प्रश्न विचारतात, दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते. मी जनरल सर्जन, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, त्यामुळे उत्तरं थोडी त्या बाजूला झुकलेली असणार. मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेटवाल्यांना काही पटणार नाहीत, चालायचंच.

मॅडम, एमएसला (सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणात) झोपायला मिळत नाही, त्यात अजून इकडचं तिकडचं कशाला शिकायचं?

कारण ऑपरेशन करायला तुम्ही शिकणारच आहात. ते युनिट तुमच्याकडून करूनच घेतं, तीन वर्षांत अपेंडिक्स, हर्निया, परफोरेशन (जठराला नाहीतर आतड्याला पडलेलं भोक), अ‍ॅम्प्युटेशन हातून गेलं नाही असं सरकारी कॉलेजात तरी होत नाही. राहतं ते वेगळंच. कापायचं कधी, कुणाला कापायचं नाही, उद्यावर कधी ढकलायचं, नि तिसऱ्या दिवशी पेशंट नुसता "बरं वाटत नाही" म्हणतोय तर त्याला काय झालंय. याची उत्तरं बऱ्याचदा भूलतज्ज्ञाच्या, रेडिओलॉजिस्टच्या, पॅथॉलॉजिस्टच्या नाहीतर वॉर्डातल्या जुन्या सिस्टरच्या डोक्यात असतात, आपल्या पुस्तकात नसतात, निदान अशा शब्दांत नसतात.

आणि हे काही आजकालचं फॅड नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की एकच शास्त्र शिकणाऱ्याला त्या शास्त्राचासुद्धा नीट निर्णय लागत नाही, म्हणून वैद्याने बहुश्रुत असावं. सर्जरीच्याच ग्रंथात हे लिहिलंय बरं का.

बोलायला छान आहे, पण दुसरीकडचं शिकून सर्जरीत खरंच कुणाचं काही झालंय का?

झालंय, आणि जे झालं ते आपण रोज वापरतो.

जोसेफ लिस्टर घ्या. १८६५, ग्लासगो. तेव्हा हाड मोडून कातडीबाहेर आलं की पाय कापायचा नाहीतर पेशंट पू होऊन जायचा, हेच चालायचं. लिस्टरचे वडील वाइनचे व्यापारी, पण मायक्रोस्कोपच्या भिंगांत त्यांनी मोठी सुधारणा केलेली, म्हणजे मायक्रोस्कोप या माणसाने घरातच बघितलेला. त्यात केमिस्ट्रीचे प्रोफेसर थॉमस अँडरसन यांनी त्याला पाश्चरचं काम वाचायला सांगितलं, जे आंबण्या-कुजण्याबद्दल होतं, जखमेबद्दल नव्हे. आणि कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक अ‍ॅसिड टाकतात हेही त्याच्या कानावर आलेलं. हे तिन्ही धागे एका डोक्यात जुळले नि ऑगस्ट १८६५मध्ये गाडीचं चाक पायावरून गेलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्याने कार्बोलिकची पट्टी ठेवली. पाय वाचला. १८६७ला ते सगळं लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. म्हणजे बघा, सांडपाणी, आंबवण आणि भिंग, यात सर्जरी कुठेच नाही.

दुसरा अ‍ॅलेक्सिस कॅरेल. १८९४ला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना लिआँ शहरात भोसकलं, पोर्टल व्हेन (यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर) फाटली, आणि तेव्हाच्या सर्जनना रक्तवाहिनी शिवता येत नव्हती म्हणून ते गेले. कॅरेल तेव्हा तिथलाच मेडिकलचा विद्यार्थी. लिआँ म्हणजे रेशमाचं गाव. हा गडी सरळ तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला, बारीक सुई नि रेशमी दोरा कसा चालवायचा ते शिकला, आणि १९०२मध्ये तीन टाके घेऊन रक्तवाहिनीचं तोंड त्रिकोणी ताणून शिवायची पद्धत मांडली. १९१२ला नोबेल. आज आपण डायलिसिससाठी धमनी नि शीर जोडून एव्ही फिस्टुला बनवतो ती त्याच घराण्यातली.

ही सगळी परदेशी नावं झाली. आपल्याकडचं सांगा की.

सांगते, आणि माझ्या आवडीचं आधी सांगते.

धुळे जिल्ह्यात दोंडाईचा म्हणून गाव आहे. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर सर. हर्नियाला जाळी टाकायची तर कंपनीची जाळी महाग, आणि शेतमजूर पेशंटला ती परवडत नाही. जाळी न टाकता नुसतं शिवलं तर पुन्हा व्हायची शक्यता जास्त. सरांनी विचार केला तो कापडाचा, की ही जाळी शेवटी आहे काय, प्लॅस्टिकच्या धाग्याचं विणकाम, मग मच्छरदाणीचं कापड काय वेगळं आहे? ते निर्जंतुक करून वापरलं, इतर सर्जनना सोबत घेतलं, आणि २००३मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत अनेक केंद्रांचा अभ्यास छापला. पुढे युगांडात ३०० वर पुरुषांवर रीतसर तुलना झाली, एका गटाला मच्छरदाणीवाली आणि दुसऱ्याला कंपनीची जाळी, आणि २०१६ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं की वर्षभरानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. दोंडाईच्याची कल्पना तिथवर गेली. (आता कृपा करून बाजारातून मच्छरदाणी आणून ऑटोक्लेव्हला टाकू नका. कापड कुठलं, कुठल्या तापमानाला टिकतं, एथिक्स कमिटी, पेशंटची संमती, हे सगळं त्यामागे होतं.)

जुनं हवं असेल तर १७९३चं पुणं. टिपूच्या सैनिकांनी कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलेलं, ते पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून नवीन बनवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, १७९४ला लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने मुडद्यांवर सराव करून १८१४ला तिकडे तेच केलं. शिकायला तो मासिकातल्या एका पत्रावरून शिकला, हा माझा मुद्दा.

आणि वेल्लोरचे पॉल ब्रँड. डॉक्टर व्हायच्या आधी इंग्लंडात गवंडीकाम, सुतारकाम शिकलेला माणूस. १९४६ला वेल्लोरला आले, कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांसाठी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) एकीकडून दुसरीकडे जोडायची ऑपरेशनं केली, पण त्यांचं मोठं काम म्हणजे बोटं आपोआप झडत नाहीत, दुखणं कळत नसल्यामुळे ती जखमा होऊन खराब होतात हे दाखवणं, आणि मग त्या पेशंटसाठी योग्य चपला बनवून घेणं. चप्पल ही सुद्धा ट्रीटमेंट आहे हे ज्याने हाताने काम केलंय त्याला लवकर सुचतं असं मला आपलं वाटतं.

पहिल्या वर्षी कुठून सुरुवात करू?

अ‍ॅनेस्थेशियापासून. डोळे झाकून, पण पहिले सहा महिने वॉर्डात रुळून झाल्यावर.

रात्री दोन वाजता परफोरेशनचा पेशंट आलाय, पोट लाकडासारखं, एक्सरेत डायफ्रामखाली हवा. जेआरला (ज्युनिअर रेसिडेंटला) घाई असते, लॅप्रोटॉमी (पोट उघडायचं ऑपरेशन) हातात पडणार असते. तेवढ्यात भूल देणाऱ्या मॅडम विचारतात, "युरिन किती झाली? पोटॅशियम आलं का?" आणि आपण चिडतो की या केस अडवताहेत. त्या अडवत नसतात. पल्स १४०, बीपी कसंबसं ९०, लघवी नाही, अशा पेशंटला भूल दिली की बीपी आणखी खाली येणार हे त्यांना दिसतंय. तास-दोन तास सलाईन, अँटिबायोटिक, नळी टाकून पोट रिकामं, कॅथेटरमध्ये लघवी दिसायला लागली, मग टेबलवर. भोक पाच मिनिटांत बंद होतं हो, पेशंट वाचतो तो त्या आधीच्या दोन तासांत नि नंतरच्या दोन दिवसांत.

म्हणून आपली ऑपरेशनची लिस्ट नसेल त्या दिवशी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) पेशंटच्या डोक्याच्या बाजूला उभं राहा. मास्क धरायला शिका, ट्यूब टाकायला शिका, स्पायनल भुलीनंतर बीपी का पडतं ते मॉनिटरवर बघा, नॉरअ‍ॅड (बीपी वर धरणारं औषध) कधी चालू करतात ते विचारा. खेड्यात बॉण्डला (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेला) गेलात आणि भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यातून येईपर्यंत पेशंट तुमच्याच हातात असेल, तेव्हा हेच कामाला येतं.

सोनोग्राफी, सीटी स्वतः बघायला शिकायचं का? रिपोर्ट येतोच ना?

रिपोर्ट येतो, पण आधी प्लेट बघा, आपलं मत मनात ठरवा, मग रिपोर्ट वाचा. उलटं केलं तर डोळा तयारच होत नाही. दुपारी रेडिओलॉजीत गर्दी कमी असते तेव्हा आपल्याच पेशंटचा सीटी घेऊन बसा, आणि ऑपरेशननंतर परत जाऊन त्यांना सांगा की आत काय निघालं. ते कुणीच सांगत नाही त्यांना, तुम्ही सांगितलंत की ते तुम्हाला दहा गोष्टी शिकवतील.

अपघाताच्या पेशंटची फास्ट स्कॅन (पोटात, हृदयाभोवती रक्त साठलंय का बघायची झटपट सोनोग्राफी) कॉलेजात असतानाच शिकून घ्या. नंतर स्वतःच्या हॉस्पिटलात मशीन ठेवायचं तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याची) नोंदणी, फॉर्म, कोण वापरू शकतं ते सगळं आलं. त्यात हयगय करायची नाही, साधी कागदाची चूकही महागात पडते.

पॅथॉलॉजीत जाऊन मी काय करू?

तुमच्या स्पेसिमेनच्या मागे जा. तेवढंच करा, पण करा.

आपण ब्रेस्टची गाठ काढतो, बरणीत टाकतो, वॉर्डबॉय मामा घेऊन जातो, विषय संपला. तिकडे पॅथॉलॉजिस्टच्या समोर एक पिवळट गोळा येतो, त्याची वरची बाजू कुठली, बगलेकडची कुठली, काही कळत नाही. मग रिपोर्टमध्ये "एका कडेला ट्यूमर आहे" आलं तर परत जाऊन कुठली कड कापणार? म्हणून वरच्या बाजूला आखूड दोरा, बाहेरच्या बाजूला लांब दोरा बांधायचा आणि तसं फॉर्मवर लिहायचं. हे पुस्तकात एका ओळीत असतं, पण एकदा ग्रॉसिंगच्या (काढलेला तुकडा कापून तपासायच्या) टेबलाशी उभं राहून तो गोळा बघितला ना, की आयुष्यात दोरा बांधायला विसरत नाही माणूस. तसंच आतड्याच्या कॅन्सरला निदान १२ लिम्फ नोड तपासलेले असावेत म्हणतात, ते सापडणं जितकं तुमच्या कापण्यावर तितकंच तिकडच्या शोधण्यावर अवलंबून. आणि फॉर्मलीन बरणीत भरपूर घाला, तळाला चमचाभर घालून पाठवलेला कोलन कुजतो.

हात चांगला व्हायला व्हिडिओ गेम खेळले तर चालतील? मजाक नाही, खरंच विचारतोय.

मजाक कशाला, यावर अभ्यास आहे. २००७ला अमेरिकेत ३३ सर्जनवर केलेला, त्यात पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्यांच्या लॅप्रोस्कोपीच्या सरावात ३७ टक्के कमी चुका निघाल्या. पण त्यावरून गेममुळे हात सुधारला असं सिद्ध होत नाही, मुळात ज्याचा हात-डोळा चांगला तोच गेम जास्त खेळत असेल हेही शक्य आहे. तेव्हा आईला हा पेपर दाखवून रात्रभर पबजी खेळू नका.

त्यापेक्षा पुठ्ठ्याचा खोका घ्या, वर दोन भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा नि बॅटरी, आणि जुने बाद झालेले ग्रास्पर (दुर्बिणीच्या ऑपरेशनचे लांब चिमटे) ओटीच्या सिस्टरकडून मागून घ्या. एका वाटीतले हरभरे दुसऱ्या वाटीत टाका, डाव्या हाताने. आधी दहा दाण्यांनाच घाम फुटेल. अमेरिकेतल्या एफएलएस या लॅप्रोस्कोपीच्या मूलभूत परीक्षेत असेच पाच प्रकार असतात, वस्तू एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेणं, गोल कापणं, फास टाकणं, बाहेरून गाठ आणि आतून गाठ. सुश्रुताने दुधी, काकडी, कलिंगडावर कापायचा, पाण्याने भरलेल्या कातडी पिशव्यांवर चिरायचा सराव सांगितलाय, म्हणजे खोक्याची लाज वाटायचं कारण नाही.

चित्र काढायला मात्र जरूर शिका. छान यायला पाहिजे असं नाही. न्यूरोसर्जरी ज्याने उभी केली तो हार्वी कुशिंग स्वतःच्या ऑपरेशनची चित्रं स्वतः काढायचा. ऑपरेशन नोट्समध्ये चार रेघांचं चित्र काढलं, डक्ट इकडे, आर्टरी अशी, क्लिप इथे, की दोन वर्षांनी पेशंट परत आल्यावर तुमचे तुम्हालाच उपकार वाटतील. आणि जे काढता येत नाही ते बहुतेक तुम्ही नीट बघितलेलंच नसतं.

थिसिस, बीसीबीआर (संशोधनाचा सक्तीचा कोर्स), स्टॅटिस्टिक्स... हे सगळं फक्त सही मिळवायला असतं ना?

बहुतेकांसाठी असतं, खोटं कशाला बोलू. डेटा कुणीतरी "करून देतो", पाच-सहा हजारात मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता) येतो, सगळ्यांना माहितीये. पण मग पुढे कंपनीचा माणूस ऑपरेशनात वापरायचं स्टेपलर घेऊन येतो आणि ग्राफ दाखवतो तेव्हा त्याला काय विचारायचं ते कळत नाही, नि पेशंटच्या खिशातून वीस हजार जातात.

संख्येच्या अंगाने विचार केला की काय होतं बघा. अतुल गावंडे, मूळ घर यवतमाळ जिल्ह्यातलं, वडील उमरखेडकडचे, ते अमेरिकेत जाऊन यूरॉलॉजिस्ट झाले. मुलगा स्टॅनफर्डला बायॉलॉजीसोबत पॉलिटिकल सायन्स शिकला, मग ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान-राजकारण-अर्थशास्त्र, मग मेडिकल, मग पब्लिक हेल्थ. पुढे जागतिक आरोग्य संघटनेबरोबर ऑपरेशनआधी वाचायची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट केली. आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, वापरून बघितली आणि २००९ला छापलं, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. आता तुमच्या ओटीच्या भिंतीवर ती लावलेली असेल नि सिस्टर वाचताना तुम्ही ग्लोव्हज घालत "हो हो" म्हणत असाल. ती नुसत्या कापाकापीच्या हुशारीतून आलेली नाही, संस्था कशा चालतात, माणसं कुठे चुकतात हे समजून घेण्यातून आलीय.

थिसिस जमलं तर स्वतःच्या वॉर्डातला साधा प्रश्न घ्या. आपल्याकडे जखमा किती पिकतात, कुठल्या दिवशी, कुठल्या ओटीत. बोरिंग वाटेल पण डेटा खरा असेल.

डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रामचे) तीन महिने म्हणजे टाइमपास की काय?

तिसऱ्या ते पाचव्या सत्रात जिल्हा रुग्णालयात तीन महिने, खूप जण घरी जायला मिळतं म्हणून खूश असतात. मी म्हणेन एक गोष्ट करा, मेडिकल कॉलेजला "उशिरा पाठवला" म्हणून आपण ज्यांना शिव्या घालतो त्यांच्या खुर्चीत बसून बघा. १०८ किती वेळात येते, रक्तपेढी कुठे आहे, रात्री सीटी चालू असतो का, ऑर्थोची पोस्ट भरलेली आहे का. पहाटे चार वाजता थ्रेशरमध्ये हात गेलेला माणूस समोर असताना रेफर लेटर लिहायची वेळ आली की कळतं त्यात काय काय लिहायला हवं. टूर्निके (रक्त थांबवायला आवळलेला पट्टा) किती वाजता बांधला ही वेळ, हे पहिलं.

पेशंटशी बोलण्याचं काय शिकायचं असतं, मराठी येतेच की.

येते, पण पेशंटची मराठी आणि आपली मराठी एक नसते. खाली काहीही झालं तरी पेशंट "मुळव्याध" म्हणतो. फिशर, भगंदर, गळू, एवढंच काय रेक्टमचा कॅन्सरसुद्धा सहा महिने मुळव्याध म्हणून गावठी औषध घेऊन येतो. आपणही ओपीडीत ८० पेशंट असल्यावर "मुळव्याध का? हे घ्या" करतो, बोट घालून तपासत नाही. मग विचारायला शिका, दुखतं का, संडासच्या आधी दुखतं की नंतर जळतं, रक्त थेंब थेंब की मिसळून, वजन कमी झालंय का. बायका पुरुष सर्जनसमोर "अंगावर जातं" पण म्हणत नाहीत, "कंबर दुखते" म्हणतात. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, पाच-दहा वाक्यं शिकून घ्या, मामांकडून शिका, ते हसतील आधी, हसू द्या.

कायद्याचं किती माहिती हवं?

वकिलाएवढं नको. पण १९९५पासून पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि २००८चा सुप्रीम कोर्टाचा संमतीबद्दलचा निकाल प्रत्येक सर्जनला माहिती हवा. एका बाईंना फक्त दुर्बिणीने तपासायला घेतलं होतं, त्या भुलीखाली असताना बाहेर त्यांच्या आईची सही घेऊन गर्भाशय नि ओव्हरी काढल्या. कोर्ट म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळात शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग आईची सही चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. आता आठवा, आपण "नातेवाईकांची सही घे रे" किती सहज म्हणतो ते. संमतीपत्र पेशंटला समजेल अशा मराठीत, आणि इंटर्नकडून नाही, स्वतः घ्या.

हिशोब, लोन, योजना... हे आत्तापासून?

थोडं. महात्मा फुले योजनेत पूर्वपरवानगी का अडकते ते आरोग्यमित्राशेजारी एक दुपार बसून बघा, फोटो नाही, रिपोर्टवर तारीख नाही, निम्मी कारणं अशीच असतात. पुढे स्वतःचं काढायचं असेल तर नर्सिंग होमची नोंदणी, २०१६चे जैविक कचऱ्याचे नियम नि बँकेचा हप्ता हे तिन्ही एकदमच अंगावर येतात. सीए मित्र-मैत्रीण असावी एखादी, बस.

मामा, सिस्टर, टेक्निशियन यांच्याकडून काय शिकणार?

ऑटोक्लेव्ह कसा लावतात, ड्रम किती भरायचा, ओला का निघतो. कॉटरीचं (विजेने कापून रक्त थांबवणाऱ्या यंत्राचं) पॅड कुठे लावायचं, नीट न चिकटल्यास भाजतं कसं. लॅप्रोस्कोपीच्या मध्येच स्क्रीन काळी झाली तर आधी केबल बघायची की लाइट सोर्स की सिलिंडर. मोठ्या शहरात हे करायला माणूस असतो, तालुक्याला तो माणूस तुम्हीच. कॉटरी तरी आली कुठून, कुशिंगने १९२६मध्ये ती बोव्ही नावाच्या फिजिक्सवाल्याकडून घेतली. जयपूर फूटसुद्धा डॉ. सेठी सर आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने मिळून १९६८मध्ये केला, शर्माजी फारसे शिकलेले नव्हते पण पायाचा आकार त्यांच्या हातात होता.

एवढं सगळं करायला गेलो तर एक ना धड भाराभर चिंध्या होणार नाहीत का?

होऊ शकतात, हा धोका खरा आहे. फोटोग्राफी, एमबीए, यूट्यूब चॅनल, तीन ऑनलाइन कोर्स आणि हर्निया अजून एकट्याने जमत नाही, असे रेसिडेंट मी बघितलेत. हाताखालून केस जाव्याच लागतात, त्याला पर्याय नाही. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या ट्रेनिंगला निदान ८५० मोठ्या केसेस लागतात, आपल्याकडे लॉगबुक कसं भरतात ते जाऊ दे.

मी लावते ती कसोटी साधी आहे. जे शिकताय त्यामुळे या महिन्यातल्या तुमच्याच एखाद्या पेशंटबद्दलचा निर्णय बदलू शकतो का? बदलत असेल तर शिका. नसेल तर तो छंद आहे, छंद जरूर ठेवा, बिलरोथ ब्राह्म्सचा दोस्त होता नि व्हायोला वाजवायचा, पण त्याला ट्रेनिंग म्हणू नका. आणि पहिले सहा महिने फक्त वॉर्ड. ड्रेसिंग, नोट्स, राउंड. ते नीट न जमता इकडेतिकडे फिरणारा माणूस युनिटला नकोसा होतो आणि मग त्याला केसही मिळत नाही.

मला एमसीएच (सर्जरीतली सुपरस्पेशालिटी) करायचंय, मग हे जनरल ज्ञान वाया नाही का जाणार?

थिओडोर कोकर थायरॉइडच्या ऑपरेशनसाठी गाजलेला माणूस, त्याच्याइतकं सफाईने कुणी करत नव्हतं. पण त्याने जुने पेशंट परत बोलावून बघितले आणि १८८३मध्ये स्वतःच जाहीर केलं की ग्रंथी पूर्ण काढलेले पेशंट मंद, सुजलेले, थकलेले झालेत. तेव्हा ग्रंथी करते काय हेच कळलेलं नव्हतं. त्याने पूर्ण काढणं सोडलं, फिजिऑलॉजीत शिरला आणि १९०९ला नोबेल मिळालं. त्याचं बोट थायरॉइडवर होतं, लक्ष अख्ख्या पेशंटवर.

आणि नवीन गोष्टी शेजारच्या खात्यातून येतात हे पण आहे. दुर्बिणीने पहिलं अपेंडिक्स १९८०मध्ये कुर्ट झेम यांनी काढलं, ते गायनॅकचे, आणि जनरल सर्जन त्यांच्यावर हसले होते. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उदवाडिया सर मात्र सत्तरच्या दशकापासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते, म्हणून १९९०ला जे. जे.मध्ये भारतातली पहिली लॅप कोली (दुर्बिणीने पित्ताशय काढणं) ते करू शकले.

मुलीने सर्जरी घ्यावी का? घरचे गायनॅक म्हणताहेत.

घ्यावी. स्नेहलता देशमुख मॅडम पेडियाट्रिक सर्जन होत्या, सायन हॉस्पिटलच्या डीन झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूही. घरच्यांना हे सांगा. नाहीच ऐकलं तर मला फोन जोडून द्या.

यूकेला जायचंय, तिकडे हे कसं असतं?

तिकडे हे सिस्टीममध्येच आहे, पदवीनंतर दोन वर्षं फाउंडेशन, साधारण चार-चार महिन्यांनी विभाग बदलतो, मेडिसिन, सर्जरी, कधी जीपी, कधी सायकियाट्री. मग दोन वर्षं कोअर सर्जरी, मग पुढचं. माणूस सगळीकडून फिरून येतो, पण हातात केस उशिरा येतात आणि आपल्याकडून गेलेल्यांना सुरुवातीला त्याचाच वैताग येतो.

एमएस झालं. आता एसआरशिप (सीनियर रेसिडेंटची नोकरी), फेलोशिप की सरळ प्रॅक्टिस?

बॉण्ड असेल तर तो आधी, त्यात चॉइस नाहीच. नंतर निदान वर्षभर एसआरशिप करा असं माझं मत. जागा निवडताना हॉस्पिटल किती मोठं ते बघू नका, तिथे जाऊन आधीच्या एसआरला चहाला न्या नि हे विचारा: रात्रीची केस स्वतः करायला मिळते का की सर येऊन करतात, अडकलं तर सर येतात का, मॉर्टॅलिटी मीटिंग (पेशंट का दगावले यावरची बैठक) खरी होते की रजिस्टरवर होते, आणि भूल, रेडिओलॉजी, आयसीयूवाले फोन उचलतात का. पगार शेवटी विचारा, पण विचारा, आणि दर महिन्याला वेळेवर होतो का हेही विचारा.